ज्याचे गुण त्यानेच भरावेत

विद्यापीठाच्या टीमबरोबर मॅनेजर म्हणून कोणी जायचं, याचे नियम कुठे छापलेले नसतात, पण ते सगळ्यांना पाठ असतात. कबड्डीबरोबर जिमखान्याचे सर स्वतः जातात, कारण तिथे ढाल मिळण्याची शक्यता असते आणि ढालीबरोबर फोटो निघतो. क्रिकेटसाठी प्राध्यापकांतच आधी बाद फेरी होते. बुद्धिबळाला निवृत्तीला आलेलं कोणीतरी जातं, कारण तिथे बसून राहायचं असतं. गोल्फची फाइल मात्र स्टाफरूममधल्या सगळ्या टेबलांवरून फिरली आणि माझ्यापुढे येऊन थांबली. टीममध्ये दोन मुली होत्या, म्हणून मॅनेजर बाई हवी होती. मी तासिका तत्त्वावर शिकवते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

"तुमचं संख्याशास्त्र ना? हा आकड्यांचाच खेळ आहे, मॅडम," उपप्राचार्य म्हणाले. तासिका तत्त्वात शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात आणि न शिकवलेल्या तासाचा अनुभव मिळतो. रेल्वेत बसून अख्खा मध्य प्रदेश ओलांडण्याचे तास कोणत्या रकान्यात धरायचे, ते त्यांनी सांगितलं नाही.

संघनिवड झटपट झाली होती. सहा जण हवे होते, चाचणीला सात आले होते आणि सातव्याची दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती. कॅप्टन कोरेगाव पार्कचा. त्याच्या बुटांची किंमत ऐकून मी माझ्या तासांचा दर डोळ्यांपुढे आणला आणि भागाकार अर्ध्यावर सोडला. एक मुलगी वानवडीची, कर्नलसाहेबांची. दुसरी बाणेरची. तिला अमेरिकेतल्या कॉलेजची शिष्यवृत्ती हवी होती, म्हणून ती स्वतःच्या प्रत्येक फटक्याचं चित्रण करायची. एक सहकारनगरचा, माझाच विद्यार्थी. एक येरवड्याचा. त्याचे वडील गोल्फ कोर्सवर कॅडी होते, म्हणजे दुसऱ्याची बॅग उचलून दुसऱ्याचे फटके मोजत त्यांनी हा मुलगा वाढवला होता. सहाव्याबद्दल मला फारसं सांगता येत नाही, कारण तो कायम झोपलेला असायचा. खेळतानाही.

गोल्फ आणि पुणे यांचं नातं जरा अवघडलेलं आहे. या गावाला खेळांचं वावडं नाही. १८७०च्या दशकात बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम इथल्याच छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी बसवले आणि काही काळ त्या खेळाला 'पूना' असंच म्हणत. १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकला आपले धावपटू आणि पैलवान गेले, त्यामागे दोराबजी टाटांबरोबर डेक्कन जिमखाना होता. गोल्फ मात्र नदीपलीकडे, येरवड्यातच राहिला. पूना क्लब १८८६ चा, त्याचं अठरा होलचं मैदान येरवड्यात, पण सामान्य पुणेकराला गोल्फ ठाऊक आहे तो गोल्फ क्लब चौकापुरता. विमानतळाला जाताना जिथे अडकायला होतं, तो चौक. भिंतीपलीकडे काहीतरी हिरवं आहे, एवढं पुणेकर सिग्नल सुटेपर्यंत पाहतो.

आणि येरवडा म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच. सकाळी साडेपाचला रिक्षा थांबवून मी "येरवडा" म्हटलं, तर रिक्षावाल्या काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. येरवड्यात ज्या दोन संस्था पिढ्यान्‌पिढ्या गाजल्या, त्यांतल्या एकीत माणूस शिक्षा झाल्यावर जातो आणि दुसरीत नातेवाइकांचा नाइलाज झाल्यावर. "जेल का हॉस्पिटल?" त्यांनी अतिशय हळुवारपणे विचारलं. "गोल्फ," मी म्हणाले. त्यांनी मीटर टाकला, पण वाटेत दोनदा आरशातून पाहिलं. त्यांच्या मते मी दुसऱ्या संस्थेचंच गिऱ्हाईक होते.

घरीही फार वेगळं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे श्रीमंतांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालायचं, आणि लाज वाटू नये म्हणून हातात काठी धरायची, तोच ना?" त्यानंतर मी या खेळाची बरीच वर्णनं वाचली. त्यांच्याइतकं नेमकं एकही नव्हतं. नाशिकचे मामेसासरे म्हणाले, "आमच्याकडेही आहे की गोल्फ क्लब मैदान! रणजीचे सामने होतात." नाशिकच्या त्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं नाव दिलंय, तरी तोंडातून जुनं नाव काही जात नाही. तिथे क्रिकेट होतं, सकाळी लोक पळतात, संध्याकाळी गप्पा मारतात. गोल्फ सोडून सगळं होतं.

तरी एक दिवस असा होता की संपूर्ण भारताला गोल्फ कळत होता. ७ ऑगस्ट २०२१. टोकियोत अदिती अशोक पदकाच्या दारात उभी होती. पहाटेपासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'बर्डी हवी', 'पट थोडक्यात चुकला' अशी चर्चा चालली होती, आणि ती करणाऱ्यांत ज्यांना आदल्या दिवशीपर्यंत पार्किंगखेरीज विषय नव्हता असे लोक होते. अदिती चौथी आली. सगळे हळहळले. संध्याकाळी नीरज चोप्राने भाला फेकला आणि रात्री जेवायच्या आत तेच लोक भाल्याच्या कोनाबद्दल बोलू लागले. आपल्या पुण्याचा उदयन मानेही त्याच ऑलिम्पिकमध्ये खेळला होता. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि त्याला जागा मिळाली. त्यामुळे स्टाफरूममध्ये निदान एक नाव माहीत होतं. "माने म्हणजे कुठले माने?" इथपर्यंत चर्चा पोचली होती.

आता विद्यार्थ्यांचा दिवस. पहाटे पाचला उठायचं, उजाडता उजाडता पहिला चेंडू मारायचा, सहा-सात किलोमीटर चालायचं, मग कॉलेज. नऊच्या तासाला ही मुलं येतात तेव्हा त्यांच्या बुटांना गवत चिकटलेलं असतं आणि डोळ्यांत झोप दाटलेली असते. वर्गात गोल्फर ओळखायची खूण मला लवकरच कळली. उजव्या हाताने खेळणारा फक्त डाव्या हातात मोजा घालतो, त्यामुळे उन्हाने एक हात रापतो आणि दुसरा मनगटाच्या पुढे गोराच राहतो. बाणेरच्या मुलीला तिच्या आजीने त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टर स्वतः गोल्फ खेळणारे निघाले. त्यांनी औषध दिलं नाही, तिची मूठ कशी बसते ते पाहिलं आणि फी घेतली.

सहकारनगरचा माझा विद्यार्थी मात्र अभ्यास आणि खेळ यांची सांगड घालणारा. आपला प्रत्येक चेंडू कुठे पडतो याची त्याने वही ठेवली होती. "मॅडम, माझं प्रमाण विचलन फार कमी आहे," त्याने अभिमानाने दाखवलं. खरंच कमी होतं. त्याचा मध्य पाण्यात होता, एवढंच. तो अत्यंत सातत्याने तळ्यात मारत असे. अचूकता आणि सातत्य यांतला फरक शिकवायला मला आजवर याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही. आता मी वर्गात तेच देते, आणि तो पहिल्या बाकावर बसून मान डोलावतो.

खेळाचे नियम मी परीक्षेच्या परिपत्रकासारखे वाचून काढले. बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब. चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर, वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. भोक १०८ मिलिमीटरचं. हरवलेला चेंडू पूर्वी पाच मिनिटं शोधता येत असे, २०१९ पासून तीनच. इथपर्यंत ठीक. पण गुण कोण देतं हे वाचलं, आणि मी तो परिच्छेद पुन्हा वरून वाचायला घेतला.

कारण गोल्फमध्ये पंच सोबत चालत नाही. माझे फटके माझ्याबरोबर खेळणारा प्रतिस्पर्धी त्याच्या हातातल्या कार्डावर लिहितो, त्याचे मी लिहिते. शेवटी आपापलं कार्ड तपासून सही करायची आणि जमा करायचं. म्हणजे शेजारच्या बाकावरच्याने माझी उत्तरपत्रिका तपासायची, मी त्याची, आणि खाली आपणच सही करायची! ज्या बाईची अर्धी हयात वर्गात येरझारा घालत, बाकाखाली वाकत, पंख्याने उडालेला कागद हा कागदच आहे की आणखी काही हे तपासत गेली, तिच्या छातीत हे वाचून कसं धडधडलं असेल! आमच्याकडे एका परीक्षेला पर्यवेक्षक असतो, त्याच्यावर वरिष्ठ पर्यवेक्षक, त्याच्यावर बहिःस्थ, आणि सगळ्यांवर भरारी पथक. तरी कॉपी सापडतेच. आणि इथे ही मुलं झाडांमागे, टेकाडांपलीकडे, अर्धा अर्धा तास कोणाच्या नजरेला न पडता हिंडतात, साडेचार तासांनी उगवतात, "चौऱ्याऐंशी" म्हणतात, आणि आपण मान्य करायचं.

बरं, सहीचं महत्त्व आपल्या हेडक्लार्कांनाही लाजवील असं. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे विचेन्सोने सतराव्या होलवर तीन फटके घेतले. त्याचं कार्ड लिहिणाऱ्या टॉमी एरनने चुकून चार लिहिले. दे विचेन्सोने न पाहता सही ठोकली. तीन झाले होते हे जगाने टीव्हीवर पाहिलं होतं, पण सहीखाली चार होते, म्हणून चारच धरले. बरोबरीत सुटून पुन्हा खेळायला मिळालं असतं ते गेलं आणि बॉब गोल्बी जिंकला. हे मी आमच्या परीक्षा विभागात सांगितलं तेव्हा तिथल्या सर्वांचे चेहरे उजळले. जगात कुठेतरी नियम पाळले जातात, याचं त्यांना फार बरं वाटलं.

तर प्रवास. पुण्याहून झेलम एक्सप्रेस, अंबाल्याला उतरायचं, तिथून स्पर्धेसाठी चंदीगडकडे. विद्यापीठ दुसऱ्या वर्गाचं शयनयान भाडं देतं. कोरेगाव पार्कच्या कॅप्टनचे बाबा म्हणाले, सगळ्यांची विमानाची तिकिटं मी काढतो. कार्यालयाने कळवलं की तशी तरतूद नाही. खेळाडूने विमानाने प्रवास केल्यास त्याचा रेल्वेतील प्रवास अनधिकृत गैरहजेरी समजण्यात येईल. कॅप्टन आयुष्यात पहिल्यांदा स्लीपरमध्ये बसला, आणि दौंड यायच्या आत त्याला ते इतकं आवडलं की परतीच्या प्रवासात तो दारातून हलेचना.

गोल्फची बॅग ठेवायची कुठे, याचा विचार रेल्वेच्या डब्याची आखणी करताना झालेला नाही. ती बाकाखाली जात नाही, वरच्या बर्थवर ठेवली तर वळणावर उतरते, आणि उभी केली तर येणारा-जाणारा तिला "जरा सरका" म्हणतो. मोठ्या कापडी पिशवीत घातलेल्या सहा बॅगा म्हणजे नेमकं काय, यावर नगरपर्यंत मतभेद होते. एका आजींच्या मते ती भजनी मंडळाची वाद्यं होती आणि त्यांनी फर्माईशही केली. एका गृहस्थांना हे प्लंबिंगचं सामान वाटलं. तिकीट तपासनीस आले, त्यांनी बॅग थोपटून पाहिली. "हॉकी टीम?" मी "हो" म्हणाले. मनमाडच्या आत गोल्फ समजावणं माझ्याच्याने झालं नसतं.

ओळखलं एकट्या जवानाने. साताऱ्याकडचा होता, सुट्टी संपवून जम्मूला परत निघालेला. त्याने पिशवीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "किती क्लब हायत? चौदाच ना? पंधरावा घेऊ नका, फटके लागत्यात." मुलं थक्क. लष्करी छावणी तिथे गोल्फ कोर्स, ही गोष्ट आपण विसरतो. फौज आपल्या गोल्फ कोर्सना गोल्फ कोर्स म्हणत नाही, 'पर्यावरण उद्यान आणि प्रशिक्षण क्षेत्र' अशा अर्थाचं भारदस्त नाव देते. त्यामुळे वानवडीची मुलगी लहानपणी समजत असे की बाबा रोज पहाटे पर्यावरण वाचवायला जातात. या जवानाने वरिष्ठांच्या बॅगा उचलता उचलता सगळा खेळ पाहिला होता. भुसावळला केळी घेतल्यावर त्याने दोन बर्थच्या मधल्या बोळात आमच्या झोपाळू खेळाडूला उठवून उभं केलं आणि त्याचा डावा खांदा दाबून धरला. "हा उचलू नको. साहेब लोक हितंच मार खात्यात." पोरगा चंदीगडला त्या खांद्याच्या जोरावर आमच्यात सर्वांत चांगला खेळला. मी प्रशिक्षण खर्चात जवानाच्या केळ्यांचे पैसे लावायचा विचार केला होता.

बाकी वेळ सबमिशनचा. इटारसीपर्यंत जर्नल पूर्ण करायची, भोपाळपर्यंत आकृत्या, आणि झाशीला "मॅडम, अटेंडन्सचं काय होणार?" असा प्रश्न. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम आणि खेळाडूंना सवलत देणारा नियम एकाच पुस्तकात असतात, पण वेगवेगळ्या शिक्षकांना पाठ असतात. मुलांच्या मोबाइलवर एका सरांचा निरोप आला होता की खेळायला जायला हरकत नाही, मात्र प्रात्यक्षिकाला उपस्थित राहावे.

यावर बाणेरच्या मुलीने आम्हाला अमेरिका सांगितली. तिला सगळं तोंडपाठ होतं. तिथल्या कॉलेजच्या गोल्फ टीममध्ये पाच जण खेळतात आणि चांगले चार आकडे धरतात. मी म्हणाले, हे तर आपलंच, तीन चाचण्यांतल्या उत्तम दोन. तिथे खेळाडूकडून आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त सराव करून घ्यायचा नाही असा नियम आहे. आणि स्पर्धेचा दिवस, मग सकाळी अंधारात सुरू होऊन संध्याकाळी अंधारात संपला तरी, हिशोबात तीनच तासांचा धरतात. हे ऐकून मला त्या देशाबद्दल एकदम आपुलकी वाटली. तासिका तत्त्व तिथेही पोचलंय. आपला गोल्फर जीव मिल्खा सिंग टेक्सासच्या अबिलीन ख्रिश्चन विद्यापीठात शिकत असताना, १९९३ साली तिथल्या आंतरमहाविद्यालयीन दुसऱ्या विभागाचा वैयक्तिक विजेता झाला होता. "त्याला स्लीपरने नेलं असेल का?" कॅप्टनने विचारलं. आता त्याला स्लीपरचाच ध्यास लागला होता.

मी त्यांना खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणलं. मुलं गप्प झाली. मग सहकारनगरच्याने विचारलं, आपल्या प्राचार्यांनी काय दिलं? मी म्हणाले, शुभेच्छा. लेटरहेडवर.

स्पर्धेत मॅनेजरने करायचं काय? काहीच नाही. टाळ्या हळू, बोलणं बंद, सावली कोणाच्या चेंडूवर पडू द्यायची नाही. खेळाडूला सल्ला दिला तर त्याला दंडाचे फटके पडू शकतात. मला गोल्फ येत नसल्यामुळे या गुन्ह्याची शक्यताच नव्हती. उलट मी दिलेला सल्ला इतर संघांना ऐकू जावा, असं माझ्या मुलांना वाटत असे. कबड्डीत पोराच्या अंगावर सात जण पडतात आणि बाहेरून हजार जण ओरडतात. इथे पोरगा एकटा चालत लांब जातो, ठिपक्याएवढा होतो, काहीतरी करतो, आणि पुढे चालायला लागतो. आईवडिलांनी बघायला यावं तर त्यांना मुलाची पाठ दिसते. जिंकल्याची आरोळी नाही, हरल्यावर भांडायला पंच नाही, शिवी द्यायला प्रतिस्पर्धी नाही. प्रतिस्पर्धी तर बिचारा तुमचेच आकडे लिहितोय. पुण्यात वाढलेल्या मुलांनी साडेचार तास कोणाशीही वाद न घालता काढावेत, ही मला त्या स्पर्धेतली सर्वांत अवघड गोष्ट वाटली.

येरवड्याचा मुलगा आमचा खरा खेळाडू. त्याच्याकडे पाहताना मला कॅडींच्या गोष्टी आठवत होत्या. दिल्लीचा अली शेर मुळात कॅडी, १९९१ साली तो इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. कोलकात्याचा एसएसपी चौरासिया रॉयल कलकत्ता क्लबच्या माळ्याचा मुलगा. आमच्या या मुलाकडे चौदा क्लब होते ते चार वेगवेगळ्या सदस्यांनी टाकून दिलेले, आणि तो त्यांच्यातला प्रत्येक असा पुसायचा की कॅप्टनही शेवटी आपले क्लब त्याच्याकडे पुसायला देईना, स्वतःच पुसायला लागला.

तिसऱ्या दिवशी एका होलवर त्याचा चेंडू झाडांत गेला. मी लांब उभी होते. त्याच्याबरोबरचा खेळाडू पाठमोरा, आपला चेंडू शोधत होता. यानं चेंडूशेजारचं एक वाळकं पान उचललं आणि तो थांबला. मग हात वर केला. पान उचलताना चेंडू हलला होता. किती हलला? मला नंतर त्याने बोटांत अंतर दाखवलं, त्यात भात शिजवायच्या तांदळाचा एक दाणा बसला असता. नियमाप्रमाणे एक फटका दंड आणि चेंडू परत जागेवर. कोणी पाहिलं नव्हतं. कार्ड लिहिणाऱ्याने आधी ऐकलंच नाही, म्हणून यानं पुन्हा ओरडून सांगितलं आणि लिहिलं की नाही तेही जाऊन पाहिलं.

हा प्रसंग मी लिहिणार आहे म्हटल्यावर कोणीही विचारील की त्या एका फटक्याने पदक हुकलं का. अजिबात नाही. आम्ही शेवटून तिसरे होतो. तो फटका धरला काय, न धरला काय, आम्ही शेवटून तिसरेच राहिलो असतो. जेवताना त्याबद्दल कोणी बोललंही नाही. राजमा तिखट आहे का, यावरच चर्चा झाली. मी त्याला बाजूला घेऊन शाबासकी द्यायला गेले, तर तो अवघडला. "मॅडम, हललाच होता ना," एवढंच म्हणाला. गोल्फर बॉबी जोन्सचंही असंच. तोही शिकत शिकत खेळणारा. जॉर्जिया टेकमध्ये इंजिनियरिंग, हार्वर्डला इंग्रजी साहित्य, आणि शेवटपर्यंत हौशीच. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये त्याने कोणी न पाहिलेला फटका स्वतःवर लावून घेतला आणि पुढे बरोबरी फोडण्याच्या लढतीत विली मॅकफार्लेनकडून हरला. लोकांनी वाहवा केली, तर बँक लुटली नाही म्हणून कौतुक करण्यातलाच हा प्रकार, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाल्याचं सांगतात. मी मात्र परीक्षा हॉलमध्ये वाढलेली. मला एका रात्रीत हे पचणं शक्य नव्हतं. झोपण्यापूर्वी मी बाकी पाचही जणांना एकेकटं गाठून विचारलं, "तुझा कधी हलला होता का?" सगळ्यांचा हलला होता. सगळ्यांनी कधी, कुठे, कोणत्या होलवर ते सांगितलं. झोपाळूने तर दोन वर्षांपूर्वीचा सांगितला.

परत आल्यावर हिशोब. खेळ चार दिवस चालतो, हिशोब चालू राहतो. आमच्या कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी माझी फाइल उघडली आणि चहाच्या पावत्यांपासून सुरुवात केली. अंबाल्याच्या फलाटावरच्या चहावाल्याने पावती दिली नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. रिक्षाच्या खर्चाला प्रमाणपत्र, हमालाच्या खर्चाला अंगठा. मग ते चेंडूंवर आले. जाताना विद्यापीठाच्या भांडारातून नवे चेंडू घेतले होते आणि ते डेडस्टॉक रजिस्टरला चढवलेले होते, म्हणजे जसेच्या तसे परत करायला हवेत. हॉकीची टीम स्टिका परत आणते, क्रिकेटवाले चेंडू झिजलेला का होईना पण आणतात.

"हे काय? निम्मे नाहीत."

"हरवले."

"कुठे?"

"बहुतेक पाण्यात."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "पाण्यात पडल्याचं कोणी पाहिलं?"

"कोणीच नाही. ज्याचा होता त्यानेच सांगितलं."

"आणि तुम्ही ते धरलंत?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मी परीक्षेला पर्यवेक्षक असते हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी मार्ग काढला. प्रत्येक खेळाडूचा अर्ज, त्याखाली दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि सोबत ज्या तळ्यात चेंडू गेला त्या तळ्याचा एक फोटो. "तळं कोणतंही चालेल हो," ते आवाज खाली आणून म्हणाले. "पाणी दिसलं पाहिजे. सारसबागेत जाऊन काढा. कोण बघतंय?"

मी मुलांना बोलावून सांगितलं. साक्षीदार म्हणून कॅप्टनने आणि वानवडीच्या मुलीने सह्या करायच्या होत्या. दोघांनी अर्ज वाचला आणि खाली ठेवला. आपण समक्ष पाहिलं, असं त्यात छापलेलं होतं, आणि त्यांनी पाहिलं नव्हतं. सहकारनगरच्याने आपली वही काढली. कोणता चेंडू कोणत्या होलवर, तळ्याच्या कोणत्या काठापासून किती अंतरावर गेला ते त्यात होतं, शिवाय आलेख होता. भाऊसाहेब म्हणाले, आलेख चालत नाही. येरवड्याच्या मुलाने सारसबागेचा फोटो पाहिला. तो मीच काढून आणला होता, गणपतीच्या देवळाच्या बाजूने, पाणी छान आलं होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "हे तळं ते नाही."

बिल अजून मंजूर झालेलं नाही. भाऊसाहेबांनी फाइलवर 'खेळाडू सहकार्य करत नाहीत' असा शेरा मारून ती वर पाठवली आहे.